खेळाडूची रचना आणि सामायिक कथाविश्व : चेन्नईतील हरिकथेच्या आधारे एक विचार

संगणकांच्या जाळ्यावर अनेक जण एकाच वेळी निरनिराळ्या भूमिका घेऊन जे खेळ खेळतात, त्यांत खेळाडू हा केवळ प्रेक्षक नसतो. तो कथेतील पात्र असतो. या पात्राला स्थळे, वस्तू व प्रसंग स्वतः रचण्याची मुभा द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न या खेळांइतकाच जुना आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार चेन्नईत रुजलेल्या एका मराठी परंपरेच्या साहाय्याने करावयाचा आहे.

१. तीन प्रयोग

इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ च्या सुमारास ‘मड’ हा खेळ निर्माण केला. त्याचे सर्व वर्णन शब्दांत होते. त्यातील जग निर्मात्यांनी रचले होते आणि खेळाडूने त्यात संचार करावयाचा होता. पुढे १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स ॲस्प्नेस याने ‘टायनीमड’ मध्ये नेमकी उलट दिशा घेतली. तेथे कोणीही नवे दालन बांधावे, नवी वस्तू ठेवावी. उत्साह उदंड होता. परंतु थोड्याच महिन्यांत ते जग इतके फुगले की ते चालविणे कठीण झाले. दालने पुष्कळ झाली, पण त्यांना जोडणारे सूत्र राहिले नाही.

तिसरा प्रयोग १९९० मधील ‘लॅम्डामू’ हा होय. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील पावेल कर्टिस याने खेळाडूंच्या हाती प्रोग्रॅम लिहिण्याची भाषाच दिली. मात्र प्रत्येकाने किती जागा व्यापावी यास मर्यादा घातली, आणि वाढीव जागेची मागणी तपासण्यासाठी खेळाडूंचेच एक मंडळ नेमले. तरीही १९९३ मध्ये एका खेळाडूने प्रोग्रॅमरूपी साधनाचा उपयोग करून इतरांच्या पात्रांची भर दालनात विटंबना केली. त्या प्रसंगानंतर तेथे अर्ज व मतदान यांची पद्धत सुरू झाली. रचनेच्या स्वातंत्र्याबरोबर न्यायाचा प्रश्नही येतो, हे या घटनेने स्पष्ट झाले.

२. हरिकथेची घडण

हाच पेच एका वेगळ्या क्षेत्रात पूर्वी सोडविला गेलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्यासारख्या कीर्तनकारांनी मराठी कीर्तन तंजावरास नेले. ते ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग ही मराठी वृत्ते त्यांनी तशीच ठेवली आणि निरूपणाची भाषा श्रोत्यांची केली. तंजावरचे हे रूप पुढे मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सभांमध्ये स्थिरावले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सी. सरस्वती बाई यांनी विरोधास तोंड देऊन स्त्रियांसाठी ते व्यासपीठ खुले केले.

हरिकथेत आख्यानाचा सांगाडा ठरलेला असतो. सीतास्वयंवराच्या कथेत धनुष्य मोडलेच पाहिजे. त्यात बदल चालत नाही. परंतु जनकाच्या मनातील घालमेल किती वेळ रंगवावी, कोणता दृष्टांत द्यावा, कोठे विनोद करावा, हे सर्व कथाकाराचे. याचा अर्थ असा की, येथे दोन अधिकार वेगळे ठेवले आहेत. आपल्या कथेत भर घालण्याचा अधिकार प्रत्येक कथाकारास आहे; ती भर परंपरेत टिकविण्याचा अधिकार मात्र त्याचा एकट्याचा नाही. दुसऱ्या कथाकाराने ती उचलली, शिष्याने ती पाठ केली, श्रोत्यांनी ती पुन्हा मागितली, तरच ती सामायिक होते. एरवी ती त्या रात्रीपुरती राहते आणि त्यात कोणाची हानी होत नाही.

३. निष्कर्ष

‘टायनीमड’ मध्ये हे दोन अधिकार एक झाले होते : जे रचले ते तत्काळ सर्वांच्या जगाचा भाग झाले. ‘मड’ मध्ये सामान्य खेळाडूस दोन्ही नव्हते. यावरून असे म्हणता येईल की, खेळाडूस स्वतःच्या आवारात मोकळेपणाने रचू द्यावे. सामायिक जगात मात्र तीच रचना यावी, जी इतर खेळाडूंनी वापरून स्वीकारली आहे. चाळणी मालकाच्या इच्छेची नसून वापराची असावी.

या साम्यास एक मर्यादा आहे. हरिकथेचे आख्यान कोणाच्या मालकीचे नाही. तंजावरची दिंडी चेन्नईत गाण्यास कोणाची अनुमती लागली नाही. खेळाचे जग मात्र बहुधा एखाद्या कंपनीच्या यंत्रावर वसलेले असते, आणि ती कंपनी बंद झाली तर खेळाडूंनी वर्षानुवर्षे रचलेले सर्व काही एका दिवसात नाहीसे होऊ शकते. म्हणून रचनेची मुभा देणाऱ्याने ती रचना खेळाडूस बरोबर नेता येईल अशी सोयही केली पाहिजे. तेवढे झाले तरच खेळाडूला रचनाकार म्हणणे सार्थ होईल.