दाढेंतील कीड आणि तव्यावरील मशेरी

गेल्या पावसाळ्यांत, लावणीच्या दिवसांत, भिवंडी तालुक्यांतील एका पाड्यावर आम्हांस मुक्काम करावा लागला. ज्या घरीं उतरलों त्या घरची सून गालास फडकें बांधून चुलीपुढें बसली होती. तिनें सर्वांस वाढलें. स्वतः मात्र पेजेचे दोन घोट घेऊन उठली. "वरच्या दाढेंत कीड हाय, मास्तर," ती म्हणाली. "बाजारांत एकाकडनं काढून घेतली, तर दुसरी झाली." त्या मनुष्यानें तापल्या लोखंडावर कसल्याशा बिया टाकून त्यांचा धूर नळीनें तिच्या तोंडांत सोडला, आणि मग वाटींतील पाण्यांत पांढऱ्या बारीक अळ्या दाखविल्या. आमच्या मंडळ्यांतील शिकलेल्या घरींही ही समजूत आढळते, म्हणून हा पाठ.

वाचकहो, दाढेंत अळी नसते. ही कल्पना प्राचीन बाबेलच्या लोकांचीही होती, तेव्हां आपण एकटेच भोळे आहों असें नाहीं. फ्रान्स देशांतील दंतवैद्य पिएर फोशार यानें किडलेले दांत सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासले व अळी सांपडली नाहीं असें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें. मग वाटींत दिसतें तें काय? खुरासानी ओव्यासारखें बीं तापलें म्हणजे त्याचें टरफल फुटून आंतील पांढरा वांकडा अंकुर बाहेर पडतो. तोच पाण्यावर तरंगतो.

खरा प्रकार डोळ्यांस न दिसणारा आहे. दांतांवर जो चिकट बुळबुळीत थर बसतो त्यांत असंख्य सूक्ष्म जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लें कीं ते त्यापासून आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लानें दांत झिजून पोखरतो. बर्लिन येथें काम करणाऱ्या मिलर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९० सालीं हें विस्तारानें मांडलें. यांतून एक गोष्ट निघते, जी फार थोड्यांस ठाऊक असते. साखर किती खाल्ली यापेक्षां ती कितीदां खाल्ली याला महत्त्व अधिक. प्रत्येक घोटानंतर सुमारें अर्धा तास दांत आम्लांत राहतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणारा आपला तरुण झोंप उडावी म्हणून तासातासाला गोड चहा पितो. त्याच्या दांतांस विसांवा मिळतच नाहीं.

आतां त्या सुनेच्या डबीकडे वळूं. आमच्याकडे जिला मशेरी व घाटावर मिश्री म्हणतात ती तव्यावर काळी होईतों भाजून कुटलेली तंबाखूच होय. दांत घासल्यावर ती झोंबते, तोंड बधिरल्यासारखें होतें व ठणका क्षणभर विसरतो. म्हणून ती औषध वाटते. रोग मात्र आंत वाढतच असतो. "तिच्यावांचून पोट साफ होत नाहीं" असें स्त्रिया सांगतात, तेंही व्यसनाचेंच लक्षण. आम्हांस त्या सुनेचा राग आला नाहीं, कारण पहिली चिमूट तिला तिच्या आईनेंच दिली होती. १९९२ सालीं सरकारनें दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर काय भाजलें जातें तें कायदा पाहूं शकत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनीं महाराष्ट्रांतील १,०१,७६१ खेडुतांचीं तोंडें तपासून १९७२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाचा कर्करोग व त्याआधीं येणारे पांढरे चट्टे यांची ती पाहणी होती. न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारें क्षत, किंवा पुरतें न उघडणारें तोंड दिसल्यास उपदेशक बंधूंनीं त्या मनुष्यास स्वतः इस्पितळांत न्यावें. सवय सोडण्यास साह्य हवें असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी फोन विनामूल्य आहे.

हिरडींतून रक्त आलें कीं पुष्कळ लोक घासणें सोडतात. रक्त बहुधा थर सांचल्यामुळें येतें. तेव्हां मऊ ब्रशानें अधिक काळजीपूर्वक घासावें. बाभळीची काडी चावून मऊ केली तर चालेल. विटेची भुकटी व रेती मात्र दांत खरवडते. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट उत्तम, आणि रात्रीं निजतांना घासणें सकाळच्याहून अधिक अगत्याचें. दुधाचे दांत पडणारच म्हणून हयगय करूं नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागें, कोणताही दांत न पडतां, एक दाढ उगवते. आया तिला दुधाची समजून किडूं देतात, आणि ती तर जन्माची असते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या सुनेस एस्टीनें शहरांत नेलें. दाढ वांचण्यापलीकडे गेली होती. ती काढावयास सासूबाईंचा मोठा विरोध, कारण वरची दाढ काढली कीं डोळे जातात! डोळ्यांच्या नसा वेगळ्या असतात, हें दंतवैद्यबाईंनीं आरशांत दाखवून समजाविलें, पण म्हातारीची खात्री झाली नाहीं. पुढें आठवडाभर ती रोज सांजच्याला सुनेकडून सुईंत दोरा ओवून घेत असे. मशेरीची डबी अद्याप फळीवर आहे. मात्र आतां ती सकाळींच उघडते, असें सुनेनें आम्हांस सांगितलें.