'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' : दोष कुणाचा?

विज्ञान प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. पानाच्या फोटोवरून झाड ओळखणारा आमचा प्रोग्राम संगणक कक्षातल्या एका जुन्या मशीनवर टाकला, तर टेन्सरफ्लो सुरू होताक्षणी सगळे बंद. पडद्यावर एकच ओळ : 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. आदल्याच दिवशी आठवीतल्या एका कॅडेटने त्या मशीनची रॅम बदलली होती. मी खापर त्याच्यावर फोडून मोकळा झालो. रॅम काढून पुन्हा बसवली, टेन्सरफ्लो दोनदा नव्याने टाकले. फरक शून्य!

खरे तर खूण समोरच होती. रॅम खराब असली तर प्रोग्राम बहुधा कधी इथे, कधी तिथे कोसळतो. आमचा मात्र दर वेळी त्याच जागी थांबत होता, आणि सरांच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालत होता.

परेडवर नव्या कॅडेटला न शिकवलेला हुकूम दिला तर तो जागच्या जागी थिजतो. प्रोसेसरचेही तसेच. त्याला ठरावीक हुकूम येतात. इंटेलने २०११ मध्ये 'सँडी ब्रिज' प्रोसेसरांत एव्हीएक्स नावाचे नवे हुकूम आणले. त्यामुळे एकाच हुकुमात अनेक आकड्यांचे गणित होते. टेन्सरफ्लोच्या तयार फाइली १.६ आवृत्तीपासून हे हुकूम वापरतात. आमचे मशीन कोअर टू ड्युओ, म्हणजे त्याआधीचे. अनोळखी हुकूम आला की प्रोसेसर लिनक्सला कळवतो आणि लिनक्स प्रोग्राम बंद करतो. विंडोजमध्ये याच चुकीचा कोड शून्य-एक्स-सी-शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-एक-डी असा दिसतो.

तपासणी एका मिनिटाची आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर 'एलएससीपीयू' टाइप करा आणि 'फ्लॅग्ज'च्या लांबलचक ओळीत एव्हीएक्स शोधा. मशीन २०११ नंतरचे आहे म्हणून गृहीत धरू नका. त्यानंतरच्याही कित्येक पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स नाही.

नसेल तर टेन्सरफ्लो १.५ टाकता येते, पण त्याला पायथॉनही जुना, ३.६ पर्यंतचाच लागतो. किंवा मूळ कोडवरून त्या प्रोसेसरसाठी स्वतः बांधणी करायची. कोअर टू ड्युओवर ते काम कधी संपेल, विचारू नका! आम्ही प्रदर्शनात सरांचा लॅपटॉप ठेवला.

त्या ज्युनिअरची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो. मग त्यालाच बरोबर घेऊन कक्षातले एकेक मशीन तपासले. कोणात एव्हीएक्स आहे, कोणात नाही, ती यादी आता दारामागे चिकटवली आहे.