उभयचर : 'दोन्हीकडे राहू शकणारा' की 'दोन्ही लागणारा'?



आजच्या पाठाची सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझीच आहे.

मागच्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गाला बेडकाचे जीवनचक्र शिकवत होते. नुसते चित्र दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवू, म्हणून शाळेमागच्या डबक्यातून आठ-दहा बेडूकमासे काचेच्या बरणीत आणले. पाणी डबक्याचेच, सोबत थोडे शेवाळ. मुलं मधल्या सुट्टीत डबा खायचं सोडून बरणीभोवती! आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट आखूड व्हायला लागलं. शनिवारी आम्ही सगळे खूश होऊन घरी गेलो. सोमवारी येऊन बघतो तर चार पिल्लं तळाशी मरून पडलेली.

एका मुलाने विचारलं, "बाई, तो पाण्यातपण राहतो ना? मग बुडला कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण फळ्यावर मीच लिहिलं होतं, 'जे प्राणी पाण्यात व जमिनीवर दोन्ही ठिकाणी राहू शकतात त्यांना उभयचर म्हणतात.'

घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं. शेपूट जिरायला लागतं त्या दिवसांत पिल्लाचे कल्ले संपत आलेले असतात आणि फुप्फुसांचे काम सुरू झालेले असते. तेव्हा त्याला पाण्यातून वर येऊन बसायला जागा लागते. एक दगड, एक तिरपी काडी, काहीही चालतं. आमच्या उभ्या गुळगुळीत बरणीत तेवढंच नव्हतं.

म्हणजे 'राहू शकतो' ही अर्धीच गोष्ट झाली. उभयचराला पाणी लागते, जमीनही लागते आणि एकातून दुसऱ्यात जायला वाटही लागते. या तिन्हींपैकी एक काढून घेतलं की तो संपला.

उदाहरण इतक्या लांबचं का?

हे मुलांना पटेल असं उदाहरण मी शोधत होते. माझी मावसबहीण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. एप्रिलमध्ये तिने एक व्हिडिओ पाठवला. रात्रीचा पाऊस, तिची मुलगी रेनकोट घालून हातात बॅटरी घेऊन रस्त्यावर उभी, आणि समोरून एक काळा, पिवळ्या ठिपक्यांचा प्राणी संथपणे रस्ता ओलांडतोय. मी म्हटलं, "अगं, केवढी मोठी पाल!" ती म्हणाली, "पाल नाही गं, सॅलॅमँडर आहे. ही त्यांची मोठी रात्र."

मग मी त्याबद्दल वाचत गेले. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या सहा राज्यांच्या भागाला न्यू इंग्लंड म्हणतात. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, तळी गोठतात. तिथल्या बऱ्याच उभयचरांची दोन घरं एकमेकांपासून लांब असतात. एक जंगलात, दुसरं डबक्यात. त्यामुळे मधली वाट अगदी स्पष्ट दिसते.

डबकं, पण मासे नसलेलं

थंडी संपताना बर्फ वितळतो, पाऊस पडतो आणि जंगलातल्या खोलगट जागा पाण्याने भरतात. उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत त्या बहुधा कोरड्या पडतात. यांना तिथे 'व्हर्नल पूल' म्हणतात, म्हणजे वसंत ऋतूतलं डबकं.

आटणाऱ्या पाण्यात अंडी घालायचा धोका कशाला पत्करायचा? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर असं, की जे डबकं आटतं त्यात मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणजे अंडी आणि पिल्लं खाणारे मोठे शत्रू नाहीत. पण बदल्यात घड्याळ लागतं. पाणी आटायच्या आत पिल्लाला पाय फुटून ते बाहेर पडलं पाहिजे.

आपल्याला असं डबकं म्हणजे भर टाकून सपाट करायची जागा वाटते. वर्षातले काही महिने तर तिथे पाणीच दिसत नाही. पण त्या बेडकांसाठी तेच सगळ्यात सुरक्षित पाळणाघर असतं.

गोठून जिवंत राहणारा बेडूक

या डबक्यात सगळ्यात आधी येणाऱ्यांपैकी एक म्हणजे वुड फ्रॉग, जंगलात राहणारा तपकिरी बेडूक. डोळ्यांवर काळा पट्टा, जणू चोराचा मुखवटा. याचा आवाज बदकाच्या 'क्वॅक क्वॅक'सारखा. हा बेडूक उत्तरेकडे पार अलास्कापर्यंत आढळतो.

हिवाळ्यात तो खोल बिळात जात नाही. पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. अंगातल्या पाण्यापैकी जवळपास दोन तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो. श्वास बंद, हृदयही बंद. हात लावला तर दगडासारखा टणक.

मग मरत कसा नाही? गोठायला सुरुवात होताच त्याचे यकृत साठवलेल्या पदार्थापासून भरपूर ग्लुकोज तयार करून रक्तात सोडते. ही साखर पेशींच्या आत पोचते आणि पेशींमधले पाणी टिकवून धरते. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, अवयवांच्या मधल्या जागेत. मुलांना समजावताना मी साखरेच्या पाकाचं उदाहरण देते. फ्रीजरमध्ये साधं पाणी आणि घट्ट पाक शेजारी ठेवा, पाणी आधी गोठतं. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

वर पडलेला बर्फ पाचोळ्यावर गोधडीसारखा असतो. बाहेर कितीही थंडी असली तरी खाली तेवढी नसते. वसंतात ऊब आली की बेडूक वितळतो, हृदय पुन्हा सुरू होतं आणि तो डबक्याकडे निघतो. काठावर अजून बर्फ असतो तेव्हाच!

सॅलॅमँडरची मोठी रात्र

व्हिडिओतला तो पिवळ्या ठिपक्यांचा सॅलॅमँडर पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर लांब असतो. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली, उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या छोट्या प्राण्यांच्या बिळांत काढतो. म्हणून शेजारच्या जंगलात तो असूनही लोकांना वर्षानुवर्षं दिसत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये जमीन मोकळी होते आणि पहिल्या उबदार पावसाची रात्र येते. त्या रात्री शेकडो सॅलॅमँडर, वुड फ्रॉग आणि बोटाच्या पेराएवढे स्प्रिंग पीपर बेडूक एकदम बाहेर पडतात. सॅलॅमँडर शक्यतो दरवर्षी त्याच डबक्याकडे जातो. हा प्राणी वीस वर्षंही जगू शकतो. म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाच्या दुप्पट वयाचा एखादा त्या रात्री पुन्हा त्याच वाटेने चाललेला असतो.

त्याची अंडी पारदर्शक किंवा दुधी जेलीच्या गोळ्यात असतात. काही दिवसांनी ती हिरवट दिसू लागतात, कारण त्यांत एक सूक्ष्म शैवाल वाढतं. पिल्लाने टाकलेले पदार्थ शैवालाला उपयोगी पडतात आणि शैवाल पिल्लाला प्राणवायू देतं. हे शैवाल पिल्लाच्या पेशींच्या आतही सापडलं आहे!

पाल की सॅलॅमँडर? मुलांना ही खूण सांगा. पालीच्या अंगावर खवले असतात, पायाला नखं असतात. सॅलॅमँडरची त्वचा ओलसर, खवल्यांशिवाय. पुढच्या पायाला चार बोटं, नखं नाहीत. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत. भारतात त्यांचा एक नातेवाईक पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, दार्जिलिंगकडे आढळतो.

भेक म्हणजे काय?

मुलं दोघांनाही बेडूकच म्हणतात. अमेरिकन टोड हा तिथला भेक. त्याची त्वचा कोरडी, खडबडीत, पाय आखूड, उड्याही छोट्या. बेडकाची अंडी घोसात असतात, याची मात्र लांब माळेत, आणि तीही हजारोंनी. थंडीत तो मागच्या पायांनी माती उकरत उकरत गोठण्याच्या थराखाली जातो. म्हणजे थंडी एकच, पण वुड फ्रॉग ती सोसतो आणि भेक तिला टाळतो.

भेकाला हात लावला की चामखीळ येते हा समज तिकडेही आहे. तो खोटा आहे. त्याच्या डोळ्यांमागे विषग्रंथी असतात हे मात्र खरं. म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत.

नियम मोडणारे दोघे

पाठ शिकवताना 'अंडी – बेडूकमासा – बेडूक' एवढीच साखळी आपण गिरवतो. पण तिथल्या जंगलात लाल पाठीचा एक छोटा सॅलॅमँडर आहे. तो ओंडक्याखाली ओलसर जागेत अंडी घालतो आणि अंड्यातून थेट छोटा सॅलॅमँडर बाहेर येतो. त्याला फुप्फुसंच नाहीत, तो त्वचेतून श्वास घेतो. त्याचं 'पाणी' म्हणजे पाचोळ्यातला ओलावा. 1970 च्या दशकात न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात शास्त्रज्ञांनी मोजणी केली. तिथल्या सॅलॅमँडरांचं एकूण वजन, ऐन विणीच्या हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भरलं. त्यात मोठा वाटा याच लाल पाठीवाल्याचा होता.

दुसरा ईस्टर्न न्यूट. हा पाण्यात जन्मतो, मग भडक नारिंगी होऊन काही वर्षं जंगलात फिरतो आणि मोठा झाला की पुन्हा पाण्यात राहायला येतो. त्याला तर दोन्ही घरं आलटून पालटून लागतात.

वाटेवर रस्ता आला तर?

डबकं शाबूत, जंगलही शाबूत, पण मधून डांबरी रस्ता गेला. मग एका पावसाळी रात्रीत कित्येक प्राणी चाकाखाली जातात. त्यात अंड्यांनी भरलेल्या माद्याही असतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट गावात 1987 मध्ये हेन्री स्ट्रीट या रस्त्याखाली सॅलॅमँडरसाठी दोन छोटे बोगदे बांधले. पाऊस आणि उजेड आत यावा म्हणून वरून फटी ठेवल्या, कारण कोरड्या अंधाऱ्या बोगद्यात सॅलॅमँडर जायला बघत नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या कीन शहरात अशा रात्री काही रस्ते वाहनांना बंद ठेवतात. इतर ठिकाणी माणसं बॅटरी घेऊन उभी राहतात आणि प्राणी उचलून पलीकडे ठेवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये अंड्यांचे फोटो वगैरे पुरावे देऊन कोणीही नागरिक एखाद्या डबक्याची सरकारदरबारी नोंद करून घेऊ शकतो. शाळेतल्या मुलांनीही हे केलं आहे.

त्या स्वयंसेवकांचा एक नियम मला फार आवडला. *प्राणी ज्या दिशेला निघाला होता त्याच दिशेला ठेवायचा.* आपल्याला 'सुरक्षित' वाटेल तिथे ठेवायचा नाही. त्याला कुठे जायचंय ते त्याला माहीत असतं.

वर्गात कसं घ्याल?

1. व्याख्या अशी लिहून घ्या : 'ज्यांना जगण्यासाठी सहसा पाणी आणि जमीन दोन्ही लागतात ते उभयचर.' 'सहसा' का, तर लाल पाठीच्या सॅलॅमँडरमुळे.
2. बरणी वर्गात आणण्याऐवजी वर्ग डबक्यापाशी न्या. आठवड्यातून एकदा, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. वहीत तारीख, पाणी किती, काय दिसलं एवढंच लिहायचं.
3. तरीही आणायचेच असतील तर दोन-तीनच आणा. पसरट भांडं घ्या, पाण्याबाहेर येणारा दगड ठेवा. पाय फुटले की त्याच डबक्यात परत सोडा. दुसऱ्या डबक्यात सोडलं तर रोग पसरू शकतात.
4. हाताळायची वेळ आलीच तर हात स्वच्छ आणि ओले हवेत. सॅनिटायझर, क्रीम, डासांचं मलम लावलेले हात नकोत. ते त्वचेतून श्वास घेतात.
5. मुलांकडून नकाशा काढून घ्या : डबकं कुठे, बेडूक एरवी कुठे असतात, मध्ये काय काय येतं.

हा नकाशा आम्ही या आठवड्यात काढला. शाळेला यंदा नवी संरक्षक भिंत झाली आहे. एका मुलीने डबकं निळं रंगवलं, मैदान हिरवं, आणि मधली भिंत काळी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, दार कुठंय?"

भिंत बांधून घेताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलले आहे. भिंतीच्या तळाशी दोन विटांएवढी जागा मोकळी करता येईल का, ते गवंडी येऊन बघणार आहे. पाऊस जोर धरायच्या आत झालं तर बरं.