केसपेपर हरवू नका!

एखाद्या संकेतस्थळावर नाव आणि परवलीचा शब्द देऊन तुम्ही एकदा आत शिरलात, की ते स्थळ पानापानावर 'तू कोण?' असे विचारीत नाही. यात नवल ते काय? नवल आहे! कारण ज्या एचटीटीपी नियमांनी ब्राउझर आणि सर्व्हर बोलतात, ते मुळातच विसराळू आहेत. प्रत्येक मागणी त्यांच्या लेखी नवी.

दवाखान्यातील केसपेपर आठवा. पहिल्या दिवशी खिडकीवर नाव-गाव सांगितले, की क्रमांक घातलेला कागद मिळतो. पुढच्या खेपेला तो दाखविला, की नोंदवहीतील तुमची माहिती सापडते. चेहरा ओळखावा लागत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने ब्राउझरसाठी अशीच युक्ती योजिली. तिचे नाव कुकी. हा केवळ मजकुराचा लहानसा तुकडा असतो, फार तर सुमारे ४,००० अक्षरांचा. सर्व्हर तो पाठवितो, ब्राउझर जपून ठेवतो आणि त्याच स्थळाकडे पुढची मागणी करताना सोबत धाडतो.

मग कुकीज पुसायच्या कशाला? पानावर परक्या संस्थेची जाहिरात असली, तर तीही आपली चिठ्ठी तुमच्या खिशात सरकवू शकते. उद्या दुसऱ्याच स्थळावर तिचीच जाहिरात भेटते, ती आपली चिठ्ठी ओळखते आणि तुम्ही कोठे कोठे फिरलात याची साखळी जुळत जाते.

पण म्हणून 'सर्व पुसा' हे बटण दाबू नका. आमच्या शेजारच्या एका मुलाने ते दाबले, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचे खाते बंद होऊन बसले. दोन वर्षे कुकीच्या जोरावर आत जात असल्याने परवलीचा शब्द तो विसरला होता. नोंदविलेला फोन क्रमांकही जुना! केसपेपर गेला आणि नावही सांगता येईना, अशी गत झाली.

त्यापेक्षा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये परक्या, म्हणजे 'थर्ड पार्टी', कुकीज रोखाव्यात. त्याने तुमचे लॉगिन बहुधा सुरक्षित राहते. जुना कचरा काढायचा तर एकेका स्थळाचा काढावा. शाळेच्या संगणकावर मात्र खिडकी नुसती बंद करू नका, 'लॉग आउट' करा. केसपेपर ज्याच्या हाती, तोच रोगी, असा हा कारभार आहे.

आता एक प्रयोग. परवलीचा शब्द ब्राउझरमध्ये साठविलेले, तुम्हाला तो पाठही असलेले एक स्थळ निवडा. सेटिंगमध्ये फक्त त्याच स्थळाच्या कुकीज शोधून पुसा आणि पान पुन्हा उघडा. स्थळ तुम्हाला ओळखणार नाही, परंतु परवलीच्या शब्दाची चौकट बहुधा आपोआप भरलेली दिसेल. कारण ब्राउझर परवलीचे शब्द कुकीजमध्ये नव्हे, वेगळ्या कप्प्यात ठेवतो. नुसत्या कुकीज पुसल्याने तो कप्पा रिकामा होत नाही.