विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

शेतकऱ्याच्या घरात मालकी समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असणे वेगळे आणि शेत मक्त्याने करणे वेगळे. पुस्तकाच्या बाबतीत मात्र हा भेद आपण विसरत चाललो आहोत.

आमच्याकडे बी. ए.ची पुस्तके एका वर्गाकडून दुसऱ्याकडे अर्ध्या किमतीत जातात. माझे पहिल्या वर्षाचे पुस्तक आधी मेहकरच्या दोघींनी वापरलेले. समासात दोघींच्याही टिपा आहेत. (एकीच्या फार उपयोगी पडल्या!) या व्यवहाराला कायद्याची हरकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ ने ग्रंथाच्या प्रती प्रसृत करण्याचा हक्क हक्कधारकाला दिला. पण एकदा चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या. प्रत माझी झाली, की मी ती विकावी, द्यावी वा जपावी.

मोबाइलवरील ई-पुस्तकाचे तसे नाही. 'विकत घ्या' हे बटण आपण दाबतो, परंतु बहुतेक दुकानदार प्रत विकतच नाहीत. वाचण्याची परवानगी देतात. न वाचता ज्या नियमांना आपण संमती देतो, त्यांत हे लिहिलेले असते. आणि परवानगी काढून घेता येते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' व 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. प्रकाशकाकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले. पुढे जेफ बेझोस यांनी माफी मागितली. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेल्या टिपा पुस्तकाविना निरुपयोगी झाल्या, आणि तो न्यायालयात गेला. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हाही किंमत परत आली, पुस्तके गेली.

दोष यंत्राचा म्हणावा, तर तसेही नाही. फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' हे गाण्यांचे दुकान २०१२ ला उघडले आणि २०१३ ला बंद पडले. त्याच्या एमपी-३ फाइलींना कुलूप नव्हते. ज्यांनी गाणी उतरवून नीट जपली, त्यांच्याजवळ ती राहिली. म्हणजे प्रश्न कुलपाचा, आणि किल्ली कोणाच्या हाती याचा आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. मी ई-पुस्तक घेतल्याचे सांगितले तेव्हा आईने एवढेच विचारले, "मंग हे तुह्या भावाले देता येईन का?" तिला शाळा चौथीपर्यंतच मिळाली, पण मुद्दा तिने अचूक धरला. भाऊ तीन वर्षांनी याच वर्गात बसेल.

कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवानगी विकताना ग्राहकाला तसे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणता येत नाही. आपल्या बटणाखालीही मराठीत तेवढी एक ओळ यावी, ही माझी मागणी आहे. तोवर ज्या पुस्तकावर टिपा काढायच्या, ते मी कागदाचेच घेते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने विनामूल्य दिलेली पुस्तके मात्र पीडीएफमध्ये मिळतात. ती पेन ड्राइव्हवर उतरवून भावाजवळ दिली आहेत.