वंशावळ लिहिताना : नावाशेजारी पुरावाही लिहा

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे अमेरिकेत आली व येथेच स्थायिक झाली. आता नातवंडांना शाळेतून 'फॅमिली ट्री' काढून आणावयास सांगतात. आजोबा सांगतात, नातू लिहितो. पणजोबांपर्यंत गाडी बरी चालते. त्यापुढे एकदम नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातील सात जोडप्यांवर उडी पडते! मधली सारी शतके कोरी. परंपरा आपल्याला प्रिय आहे व असावी. परंतु परंपरा आणि नोंद या दोन निराळ्या वस्तू आहेत. युरोपीय मिशनऱ्याच्या पत्रात आपल्या समाजाचा उल्लेख आढळतो तो १७३८ सालचा. त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहिताना 'असे सांगतात' हे दोन शब्द घालावेत, एवढेच.

पुराव्याचा प्रश्न आपल्या लोकांना एकदा फार कडवटपणे भोवला आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने असा हुकूम काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृवंशाची चौकशी जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन करावी. आपल्या लोकांनी जेरुसलेमेत धरणे धरले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले. एका संबंध समाजाकडे कागद मागणे हा अन्यायच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपण होऊन वंशावळ लिहावयास बसलो की दारात विचारणारा कोणी नसतो. म्हणून 'हे कशावरून?' असे आपणच आपल्याला विचारावयास हवे.

अमेरिकेत हा धडा लोक मोठी किंमत मोजून शिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये गुस्ताव्ह आंझू नावाचा एक गृहस्थ श्रीमंतांना वंशावळी करून विकत असे. त्यातील बहुतेक दाखले खरे असत. मधेच एखादा बनावट दुवा घुसडलेला असे आणि नेमका त्याचाच आधार दिलेला नसे! पुढे अॅलेक्स हेली यांचे 'रूट्स' १९७६ साली निघाले आणि घरोघरी पूर्वजांचा शोध सुरू झाला. परंतु गॅरी व एलिझाबेथ मिल्स या दोघांनी व्हर्जिनियातील मूळ दप्तर तपासले. हेली यांच्या मते १७६७ साली गलबतातून आलेला जो गुलाम, त्या टोबीचे नाव त्या मालकाच्या कागदात १७६७ पूर्वीच सापडले. हे त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. 'रूट्स'चे मोल म्हणून संपले असे नव्हे. पण ते वंशावळीचा पुरावा राहिले नाही. याच एलिझाबेथ मिल्स यांनी पुढे, २००७ साली, आधार कसे नोंदवावे यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. येथील अभ्यासक आज तोच हाताशी ठेवतात.

आता आपल्या घरचे पाहू. आपली खरी अडचण नावांची. मुंबईच्या शार हारहामीम सिनेगॉगचे (१७९६) संस्थापक समाजी हसाजी दिवेकर हेच शमुवेल यहेज्केल. मुसाजी म्हणजे मोशे, इसाजी म्हणजे इसहाक, आबाजी म्हणजे अब्राहाम. त्यात पासपोर्ट काढताना एका भावाने बापाचे नाव आडनाव म्हणून दिले, दुसऱ्याने पेणकर की रोहेकर असे गावाचे दिले. मुलांना वाटते ही दोन घराणी! यावर उपाय एकच. कागदात जसे आहे तसेच उतरून घ्यावे, आणि आपला अर्थ शेजारी वेगळा लिहावा. गावाचेही तसेच. जुन्या कागदात 'जिल्हा कुलाबा' असेल तर तेच लिहावे. रायगड हे नाव १९८१ चे.

दुसरी गोष्ट, माहिती कोणी दिली हे पाहावे. अमेरिकन मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणाराचे नाव असते. मृत्यूची तारीख त्या माणसाने स्वतः अनुभवलेली. मृताचा जन्म व आईचे माहेरचे नाव मात्र त्याने ऐकलेले. एकाच कागदात एक गोष्ट पक्की व दुसरी कच्ची असू शकते. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींची समजावी! हाईम शमुवेल केहिमकर यांचा इतिहास आपल्याला पूज्य आहे. पण तो १८९७ चा लिहिलेला आणि लेखकाच्या निधनानंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापलेला. त्यांच्या हयातीतील गोष्टींना तो उत्तम साक्षीदार; त्याहून जुन्या गोष्टींना तो परंपरेचा साक्षीदार.

आधार लिहावा कसा? 'गावचे रजिस्टर' एवढे लिहून भागत नाही. गाव नमुना १४ मधील नोंद असेल तर मौजे, तालुका, वर्ष, पान व अनुक्रमांक, वही कोणत्या कचेरीत आहे, कोणत्या तारखेस पाहिली, मूळ वही पाहिली की झेरॉक्स, आणि मोडी असल्यास वाचून कोणी दिले, हे सारे हवे. केतुबा असेल तर सध्या ती कोणाच्या घरी आहे तेही. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल तर सांगणाराचे नाव, त्याचे नाते व दिवस लिहावा. तोही आधारच, फक्त तो ऐकीव आहे हे दिसले पाहिजे. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोन्ही ठेवावेत. नावडता फाडून टाकू नये!

थडग्यांबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण नातेवाईक मुंबईस किंवा अलिबागेस गेले की फोटो आणतात, पण कोणत्या कबरस्तानातला हे विसरतात. इब्री साल बहुधा पाच हजार गाळून अक्षरांत कोरलेले असते. ७२४ आले तर त्यात १२४० मिळवा : १९६४. मात्र तिश्रीपासून डिसेंबरअखेरच्या तारखांना १२३९ मिळवावे लागतात. शके असेल तर ७८. पौषात वर्ष पालटते, तेथे ७९. आपण केलेली ही बेरीज कोरलेल्या मजकुराखाली निराळ्या ओळीत लिहावी, म्हणजे पुढच्यास ती तपासता येते. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने कबरस्तान, रांग व तारीख लिहा. शाईने नको, ती पुढच्या बाजूस उमटते.