नदीमार्गे महाडच्या पेठेस

आपल्या हिंजवडीकडील मनुष्यास नावेत बसून बाजारपेठेस जाणे नवलाचे वाटेल. आपली मुळा नदी तसा प्रवास घडू देत नाही. परंतु भोरवरून वरंधा घाट उतरल्यावर कोकणात महाड लागते. तेथील सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. भरतीचे पाणी खाडीतून पुष्कळ आत चढते; त्याबरोबर नावा वर जात व ओहोटीबरोबर परत येत.

याच वाटेने १९२७ सालच्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर व त्यांचे सुमारे दोनशे सोबती महाडास निघाले. त्यांस तेथे काही विकावयाचे नव्हते. सार्वजनिक तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क त्यांस बजवावयाचा होता.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. परंतु कागदावरील ठरावाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी लोकांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्या मंडळीस मारहाण झाली. आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

म्हणून डिसेंबरात पुनः सत्याग्रह ठरला. धरमतरकडील मोटारवाल्यांनी या मंडळीवर बहिष्कार घातला होता. तेव्हा ती २४ तारखेस मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाली, आणि हरिहरेश्वर व बाणकोटावरून खाडीने दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरास पोहोचली. तेथून महाड सुमारे पाच मैल. बंदरावर जमलेले सत्याग्रही रांगेने पायी चालले.

परंतु त्यापूर्वीच न्यायालयाचा मनाईहुकूम निघाला होता. हजारो लोक तळ्याच्या इतक्या जवळ असूनही विचारान्ती सत्याग्रह तहकूब झाला. पुढे खटला दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

यावरून बोध हा की, रस्ता बंद झाला म्हणून ते घरी बसले नाहीत. आणि पाणी समोर असता थांबावे लागले, तरी त्यांनी हक्क सोडला नाही. पहिल्यास धैर्य लागते. दुसऱ्यास त्याहून अधिक.

मननार्थ प्रश्न :
१. ठराव होऊनही तळे खुले का झाले नाही?
२. आपल्या गावच्या पाणवठ्यावर आजही कोणी मागे उभा राहतो काय?
३. त्याच्याकरिता आपण कोणती वाट शोधली?